पोतं उचला, मग वेळापत्रक मांडा

नमस्कार काका,

मिरजेत आमची लाँड्री आहे. सासऱ्यांनी हाताने धुण्यापासून सुरुवात केली, आता औद्योगिक वसाहतीत शेड आहे. ६० किलोचा एक वॉशर, ३० किलोचा एक, एक हायड्रो (कपडे पिळणारं), दोन टंबलर (वाळवणारे), एक कॅलेंडर (चादरींना इस्त्री करणारा रोल) आणि बॉयलर. तीन हॉस्पिटलं, एक पंचकर्म केंद्र, एक लॉज आणि सीझनमध्ये दोन मंगल कार्यालयं अशी गिऱ्हाइकं आहेत. मोठा वॉशर रोज ९ तास चालतो, लहान जेमतेम ४ तास, आठवड्याचे सहा दिवस. गेल्या मार्चमध्ये मोठ्या वॉशरचं बेअरिंग गेलं. त्याआधी दोनेक महिने मशीनच्या मागे तांबूस पाणी ठिबकायचं, आम्ही खाली पोतं टाकून ठेवलं होतं. पार्ट येईपर्यंत ११ दिवस मशीन बंद. माल बाहेरून धुऊन आणला, एक हॉस्पिटल हातचं जाता जाता राहिलं. तेव्हापासून मी म्हणतेय, देखभालीचं वेळापत्रक करूया. सासरे म्हणतात, चालत्या मशीनला हात लावला की ते बिघडतं. आमचे हे म्हणतात, वेळापत्रक कर, पण मशीन बंद ठेवायला दिवस कुठून आणणार ते आधी सांग. मॅन्युअल उघडलं तर २०० तास, ५०० तास, १००० तास असं काय काय लिहिलंय. त्यात कंपनीवाले एएमसी (वर्षभराचा देखभाल करार) घ्या म्हणून मागे लागलेत. कुठून सुरुवात करू?

– एक वाचक, मिरज


ताई,

तुमचं ते पोतं मला फार ओळखीचं वाटलं. मी ज्या लाँड्रीत पहिली नोकरी केली तिथे पोत्याऐवजी पत्र्याचा डबा होता. रात्रपाळीचा माणूस तो रोज सकाळी गटारीत ओतायचा. आधी डबा भरायला दोन दिवस लागायचे, मग एक, मग एका पाळीतच भरायला लागला. हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही, कारण मागे एकदा सांगितलं तर 'तू तुझं काम बघ' असं उत्तर मिळालं होतं.

ते ठिबकणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. ड्रमचा शाफ्ट टबातून मागे बाहेर येतो तिथे ऑईल सील असतं, त्याच्या मागे बेअरिंग. बहुतेक मशीनांत या दोघांच्या मध्ये थोडी पोकळी आणि खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजून पाणी आत आलं, तर ते बेअरिंगपर्यंत जाण्याआधी भोकातून खाली पडावं म्हणून ही सोय. भोकातून स्वच्छ पाणी आलं, तर सील गेलंय. तांबूस आलं, तर पाणी बेअरिंगला लागून गंज धरलाय. म्हणजे मशीन तुम्हाला दोन महिने सांगत होतं. सील बदलायलाही ड्रम उतरवावा लागतो, ते काही तासाभराचं काम नाही. पण तेव्हा ते तुमच्या सोयीच्या दिवशी, पार्ट हातात घेऊन झालं असतं. ११ दिवस गेले ते दुरुस्तीत गेले नाहीत, वाट बघण्यात गेले.

आता तुमच्या सासऱ्यांकडे येतो. ते चुकत नाहीत. निदान पूर्ण चुकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या विभागाच्या, विमानांची दर ५० तासांनी ठरलेली तपासणी व्हायची. सी. एच. वॉडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ तेव्हा तिथे शास्त्रीय सल्लागारांच्या गटात होते. त्यांनी नोंदी मांडून पाहिल्या तर उलटंच दिसलं: तपासणी होऊन विमान बाहेर आलं की लगेच बिघाड वाढायचे, आणि पुढे तास भरत जातील तसे कमी व्हायचे. चांगलं चाललेलं उगाच उघडायचं, परत बसवताना एखादा बोल्ट कमी आवळायचा, एखादी वायर दाबायची, असा तो प्रकार. लाँड्रीत मी हे शंभर वेळा पाहिलंय. फिटर येतो, ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या विजेच्या खोक्याचं) झाकण उघडतो, सगळं ठीक आहे म्हणतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी मशीन एरर दाखवून उभं.

म्हणून तुम्ही एक नाही, दोन वेळापत्रकं करा. एक बघायचं, एक उघडायचं. बघायचं रोज आणि भरपूर, उघडायचं मोजकं आणि कारण असेल तेव्हाच. सासऱ्यांना सांगा की तुमचंच म्हणणं आम्ही कागदावर आणतोय, विनाकारण हात लावणार नाही. त्यांनी पूर्वी आवाजावरून मशीन ओळखलं असेल, तो कान तुम्हाला हवाच आहे. मशीन रिकामं आणि बंद असताना दार उघडून ड्रमची कड दोन्ही हातांनी वर उचलून बघायची. टबाच्या तुलनेत ड्रम खालीवर हलतोय, खट असं लागतंय, तर बेअरिंगमध्ये खेळ आलाय. मग हाताने ड्रम फिरवून ऐकायचं. गुळगुळीत फिरणं आणि वाळूवरून फिरल्यासारखं फिरणं यातला फरक ज्याला एकदा कळला तो विसरत नाही. हे काम आठवड्याला एकदा सासऱ्यांकडे द्या. मी गंमत करत नाही.

यजमानांचा प्रश्न जास्त खरा आहे: दिवस कुठून आणायचा? त्यासाठी मशीनकडे बघू नका, मालाकडे बघा. हॉस्पिटलांत रविवारी ठरवलेली ऑपरेशन्स जवळपास नसतात, तातडीचीच होतात. त्यामुळे सोमवारी सकाळी ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) माल आठवड्यातला सगळ्यात कमी येतो. तुमच्या चलनबुकातली मागची तीन महिन्यांची वजनं वारानुसार मांडा, तुमच्याकडेही असंच दिसतं का पाहा. दिसलं, तर सोमवारची सकाळ देखभालीची. रविवारपेक्षा सोमवार बरा, कारण त्या दिवशी बेल्टचं दुकान उघडं असतं आणि वायरमन फोन उचलतो. फक्त रविवारी मोठा मुहूर्त असेल, तर कार्यालयांचे टेबलक्लॉथ आणि खुर्च्यांची कव्हरं सोमवारी अंगावर येतात. तेव्हा पंचांग बघून तो सोमवार मंगळवारवर ढकला. लाँड्रीच्या भिंतीवर पंचांग असतंच, आता त्याचा हा एक उपयोग.

अर्धा दिवस मोठा वॉशर बंद ठेवला तर किती अडेल, तेही मोजू. भरण्यापासून काढण्यापर्यंत एका लोडला ७० मिनिटं धरली, तर साडेचार तासांत जवळपास चार लोड बुडाले, म्हणजे २४० किलो. लहान वॉशर एरवी ४ तास चालतो, त्या दिवशी पूर्ण ९ तास चालवा. त्यात आणखी चार लोड निघतात, १२० किलो. उरले १२० किलो, म्हणजे मोठ्या मशीनचे दोन लोड. संध्याकाळी दोन तास वीस मिनिटं जास्त. दोन माणसांचा ओव्हरटाइम आणि चहा. एवढ्यावर तुमचा 'दिवस' निघतो. हा हिशोब मालकांसमोर तोंडी सांगू नका, वहीत लिहून ठेवा. पुरुषमंडळींना तोंडी हिशोब वाद वाटतो.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना आधी सांगायचं, तेही महिनाभर आधी. त्यांच्याकडे चादरींचे किती संच आहेत ते विचारा. एक खाटेवर, एक तुमच्याकडे, एक कपाटात असे तीन असतील, तर तुमच्या अर्ध्या दिवसाच्या उशिराने कुणाचं काही अडत नाही. दोनच असतील, तर त्या हॉस्पिटलचा माल सोमवारी लहान वॉशरला पहिला. गिऱ्हाईक उशिरावर रागावत नाही, न सांगता झालेल्या उशिरावर रागावतं. मार्चमध्ये तुमच्या हातचं जाता जाता राहिलेलं हॉस्पिटल बहुधा त्यामुळेच चिडलं असणार.

आता ते २०० तास. मॅन्युअलमधले तास म्हणजे मशीन चाललेले तास, भिंतीवरच्या घड्याळाचे नव्हेत. तुमचा मोठा वॉशर रोज ९ तासांप्रमाणे आठवड्याला ५४ तास चालतो, म्हणजे २०० तास चार आठवड्यांच्या आतच भरतात. लहान आठवड्याला २४ तास चालतो, त्याला आठ आठवड्यांहून थोडे जास्त लागतात. दोघांना 'दर महिन्याच्या एक तारखेला ग्रीस' असा एकच नियम लावलात, तर एकाला कमी पडेल आणि दुसऱ्याला जास्त होईल. जास्त ग्रीसही वाईटच, दाबाने सील बाहेर ढकललं जातं. म्हणून मोठ्याला दर तिसऱ्या सोमवारी, लहानाला दर आठव्या. थोडं आधी झालं तर चालतं, मागे राहिलं तर नाही. बऱ्याच मशीनांच्या पॅनलवर एकूण चाललेले तास दिसतात. नसतील, तर इलेक्ट्रिकच्या दुकानात अवरमीटर मिळतो, वायरमन तासाभरात बसवून देईल.

ग्रीस मारताना निपल (ग्रीस आत जायचं तोंड) आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर बाहेरची घाण तुम्ही स्वतःच्या हाताने बेअरिंगमध्ये दाबता. मॅन्युअलमध्ये जितके स्ट्रोक तितकेच, आणि ग्रीस जे सांगितलंय तेच. दोन जातींची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन वाहून जातात. गॅरेजमधल्या डब्यातलं मारलं, असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. काही मशीनांत बेअरिंग सीलबंद असतं, निपल नसतंच. तिथे शोधत बसू नका.

मोठ्या वॉशरच्या सोमवारी बाकी काय? बेल्ट. एक बेल्ट तुटला तर तो एकच बदलायचा मोह होतो. तसं करू नका, सगळे एकदम बदला. जुने ताणलेले असतात, नवा एकटाच सगळा भार घेतो आणि लवकर जातो. नवे घातल्यावर दोन दिवस मशीन चालू द्या आणि परत ताण बघा, कारण ते बसतात. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे बघायला दोरी पुरते. पाणी येण्याच्या वाटेवरच्या जाळ्या काढून धुवायच्या. ड्रेन वॉल्व्ह पूर्ण बंद होतो का पाहायचं. तो थोडासा गळत असेल तर तुमचं गरम पाणी आणि पावडर गटारीत जातेय, आणि मशीन पाण्याची पातळी गाठायला सारखं पाणी घेतंय. बिल वाढतं, कारण कुणाला सापडत नाही. पायाचे बोल्ट पाना लावून बघायचे. ड्राइव्हच्या पंख्याची जाळी झाडायची. लाँड्रीत कापसाची धूळ सगळीकडे जाते, पॅनलमध्ये सगळ्यात जास्त.

दोन गोष्टींवर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. पहिली म्हणजे कुलूप. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात. मालकाच्या नाही, सुपरवायझरच्या नाही. एका हॉटेलच्या लाँड्रीत फिटर हायड्रोचा बेल्ट ताणत होता आणि पलीकडच्या मुलाने 'हे का बंद पडलंय' म्हणून बटण दाबलं. त्या फिटरची दोन बोटं गेली. मुलाचा दोष नव्हता, स्विच मोकळा होता. ड्राइव्ह असलेल्या मशीनला वीज बंद केल्यावरही काही मिनिटं आत भार साठलेला असतो, तो उतरेपर्यंत थांबायचं. दाराचं लॉक तार लावून बायपास केलेलं असेल, तर ते आजच काढा, सोमवारची वाट बघू नका.

दुसरी म्हणजे सुया. तुमचा माल हॉस्पिटलचा आहे. ड्रेनच्या सापळ्यात, वॉल्व्हमध्ये, गास्केटच्या घडीत सुया, ब्लेड, कधी अख्खी आर्टरी फोर्सेप्स सापडते. हाताने चाचपायचं नाही. जाड मोजे, चिमटा, बॅटरी. उघडण्याआधी एक गरम सायकल रिकामं चालवायचं. कामगारांची हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का, हे याच निमित्ताने विचारा.

गरम सायकलवरून आठवलं. हॉस्पिटलच्या मालाला तापमानाचा अर्थ वेगळा असतो. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था म्हणते की ७१ अंश सेल्सिअसचं पाणी किमान २५ मिनिटं. ब्रिटनमध्ये ७१ अंशाला ३ मिनिटं किंवा ६५ अंशाला १० मिनिटं मानतात, वर पाणी सगळीकडे सारखं तापायला लागणारा वेळ. यातलं कुठलंही धरा, पण पॅनलवर ७१ दिसणं आणि पाणी ७१ असणं या दोन गोष्टी आहेत. सेन्सरवर क्षार बसला की तो मागे पडतो किंवा चुकीचं दाखवतो. महिन्यातून एकदा वेगळ्या थर्मामीटरने ताडून बघा आणि आकडा वहीत टाका. उद्या हॉस्पिटलचा इन्फेक्शन कंट्रोलचा माणूस आला तर हीच वही दाखवायची.

क्षार म्हटला की पाण्याचा विषय आला. तुम्ही सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) असल्याचं लिहिलं नाहीत, बोअरचं पाणी वापरता का तेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. प्यायला चालणारं पाणी धुवायला चालेलच असं नाही. अशा पाण्यात पावडर जास्त लागते, पांढरं कापड राखाडी पडतं, हीटरवर आणि बॉयलरच्या नळ्यांत थर बसतो. सॉफ्टनर असेल तर त्याचं मीठ कोण बघतो, हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघतात' म्हणजे कुणीच बघत नाही. थेंब टाकून कठीणपणा बघायचं किट स्वस्त असतं, रोज सकाळी एक चाचणी.

टंबलरबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तुमच्या पत्रात पंचकर्म केंद्र आहे. लिंट (कापडाचे सुटलेले धागे) अडवणारा फिल्टर प्रत्येक पाळीत दोनतीनदा साफ करता असं धरतो. पण गरम हवा बाहेर नेणारा मागचा डक्ट? तो शेवटचा कधी उघडला? डक्टमध्ये लिंटचा थर बसला की हवा कमी जाते, कापड वाळायला वेळ लागतो, माणसं वेळ वाढवतात, आतलं तापमान चढतं, आणि लिंट तर कापसासारखाच पेटतो. त्यावर पंचकर्माच्या तेलकट चादरी. तिळाचं तेल धुण्यात पूर्ण निघत नाही. असं कापड गरम गरम ट्रॉलीत कोंबून ठेवलं की तेलाची हवेशी क्रिया होऊन आतल्या आत उष्णता वाढत जाते, आणि ढीग कुणी काडी न लावता धुमसू लागतो, तासाभराने किंवा मध्यरात्री. त्या चादरी वेगळ्या धुवा, जास्त गरम पाणी आणि तेल तोडणारं रसायन वापरून. टंबलरचं शेवटचं थंड हवेचं चक्र कधीही तोडू नका, घाई असली तरी. आणि तो माल दिवसाच्या शेवटच्या लोडला घेऊ नका, बाहेर काढून पसरायला माणूस हवा. डक्ट महिन्यातून एका सोमवारी, पावसाळ्यात दोनदा.

कॅलेंडरचं थोडक्यात. बोटांसमोरची सुरक्षापट्टी दाबली की रोल थांबतो का, हे रोज सुरू करताना एकदा दाबून बघायचं. तिथे बहुधा बायका कामाला असतात. पदर, ओढणी, बांगड्या यांचं तुम्ही जाणताच. मेणकापड फिरवणं आणि पॅडिंग बघणं आठवड्याचं. हायड्रोला ब्रेक आणि झाकणाचं लॉक, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

पंप लावून पावडर-रसायनं जात असतील, तर त्या पंपातल्या रबरी नळ्या चिरतात. हायपो (ब्लीच) आणि शेवटच्या पाण्यात घालायचं आम्लाचं सावर यांचे कॅन शेजारी ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो. नळी बदलण्याआधी साध्या पाण्याने ती लाइन धुवायची.

बॉयलरची क्षमता तुम्ही लिहिली नाहीत. त्याच्या अंगावरची पाटी बघा. २५ लिटरपेक्षा जास्त पाणी मावणारा, दाबाने वाफ करणारा बॉयलर असेल तर तो सरकारी तपासणीखाली येतो. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बॉयलर कायदा आहे, पण तुमच्यापुरता मुद्दा तोच: चालवायला प्रमाणपत्र लागतं, मुदत साधारण १२ महिन्यांची, आणि तपासणीसाठी बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून द्यावा लागतो. वर्षाच्या दिनदर्शिकेवर सगळ्यात आधी ही तारीख लिहा, बाकी सगळं तिच्याभोवती. कारण वाफ बंद झाली की कॅलेंडर बंद, वाफेवरचे टंबलर बंद. मग त्यांचीही मोठी कामं, स्टीम ट्रॅप, रोलचं पॅडिंग, डक्ट, त्याच बंदीच्या दिवसांत उरकायची. एकाच बंदीत तीन कामं होत असताना तीन वेळा बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि वर तेच म्हणतात की देखभालीला वेळ नाही.

वर्षाचा विचार करताना मी दोन मुक्काम धरीन. टंबलर मृगाच्या आधी पूर्ण उघडून साफ, कारण पावसाळ्यात ओलसर हवा ओढून त्यांना सगळ्यात जास्त राबावं लागतं आणि तेव्हा ते बंद ठेवायची सोय नसते. वॉशरचं मोठं काम, सील, बेअरिंगची तपासणी, गास्केट, हे पितृपंधरवड्यात. त्या पंधरा दिवसांत मंगल कार्यालयं ओस असतात. हॉस्पिटलं भाद्रपदात तापाच्या पेशंटांनी भरलेली असतात हे खरं, पण एक मशीन दोन दिवस उतरवण्याइतकी सवड त्यातून निघते. शिवाय लगेच पुढे खंडेनवमी. एरवी आपल्याकडे त्या दिवशी मशीनला फडकं मारून हळदकुंकू आणि झेंडूचा हार, एवढीच वर्षाची देखभाल होते. हार घाला, पण दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी आठवणीने काढा. हाराचा दोरा शाफ्टला गुंडाळून सीलची कड कापलेली मी स्वतःच्या हाताने सोडवली आहे.

एएमसी. घ्यावी, पण आत्ता लगेच नाही. आधी तीन महिने तुमची वही चालू द्या. मग तुम्हाला कळेल की त्यांच्याकडून नेमकं काय हवंय. पार्टसह की पार्टशिवाय, फोन केल्यावर किती तासांत माणूस येणार, वर्षातून किती भेटी, आणि त्या भेटी तुमच्या सोमवारी की त्यांना सवड होईल तेव्हा, हे चार मुद्दे लेखी घ्या. तंत्रज्ञ येतो, चहा घेतो, फॉर्मवर सही घेतो आणि जातो, असं होऊ द्यायचं नसेल तर सही करण्याआधी त्याच्याकडून तुमच्या वहीत लिहून घ्या: काय उघडलं, काय बदललं, पुढच्या वेळी काय लागेल. चांगला तंत्रज्ञ याला नाही म्हणत नाही.

एएमसीच्या पैशातले थोडे मी आधी कपाटात घालीन. मोठ्या वॉशरचं सील आणि बेअरिंगचा एक संच, दोन्ही वॉशरच्या बेल्टचा एकेक संच, पाण्याच्या वॉल्व्हची कॉइल, दाराच्या लॉकचा स्विच, एक गास्केट, दोन कॉन्टॅक्टर. बेअरिंग आणि बेल्टवरचे नंबर मशीनच्या मागे मार्करने लिहून ठेवा आणि फोटो काढून मालकांच्या फोनमध्येही ठेवा. बेअरिंग विकत घेऊन ठेवायला जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण तुमचे ते ११ दिवस, बाहेर धुऊन आणलेल्या मालाचे पैसे आणि टेम्पोचं भाडं एका कागदावर मांडा, शेजारी या कपाटाची किंमत लिहा, आणि तो कागद रात्री जेवताना ताटाजवळ ठेवा.

वही कशी असावी? २०० पानी, साधी. रोज एक ओळ, जो माणूस मशीन भरतो त्यानेच लिहायची. तारीख, तासांचा आकडा, आणि 'आज काही वेगळं?' या खाली जे असेल ते. आवाज, वास, ठिबक, जास्त वेळ लागला. लिहायला अडचण असेल तर फोनवर बोलून पाठवू दे, तुम्ही उतरवून घ्या. त्याला मशीन थांबवायचा अधिकार द्या. तो दहा वेळा उगाच थांबवेल आणि एकदा बरोबर थांबवेल, पहिल्या दहाला ओरडू नका. माझ्या त्या डबेवाल्या माणसाला असा कुणी अधिकार दिला असता तर आमचं मशीन वाचलं असतं. पुढे मीच सुपरवायझर झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो डबा काढायला लावला, तर खाली जमिनीत पाण्याने वाटीएवढा खड्डा पडलेला.

येत्या सोमवारी एवढंच करा. कुलूप लावून मोठ्या वॉशरच्या मागे जा, ते पोतं अजून तिथेच पडलेलं असेल तर उचला, फरशी कोरडी पुसा आणि खाली पांढरा कागद पसरा. मंगळवारी संध्याकाळी बघा. कागद कोरडा असेल तर वेळापत्रकाची पहिली ओळ तीच. ओला असेल तर पाण्याचा रंग मला कळवा, आणि बॉयलरच्या पाटीवरचा आकडाही.